फ्रान्सच्या दिव्याला नेपरव्हिलची शाल

देवदत्त आचरेकरच्या एक्सेल शीटमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरची बावीस दीपगृहं होती, पाच नौका-संग्रहालयं होती, भरती-ओहोटीच्या वेळा होत्या, आणि एकही शाकाहारी खानावळ नव्हती. ही शेवटची गोष्ट त्याच्या बायकोनं, नीलांबरीनं, पहिल्या पाच सेकंदांत हेरली. पण देवदत्त शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि प्रोजेक्ट मॅनेजर माणूस जेवणाचा विचार दुसऱ्या टप्प्यात करतो.

या सगळ्याला कारण अण्णांचं एक वाक्य. अण्णा म्हणजे देवदत्तचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, एप्रिलमध्ये कोकणातून सहा महिन्यांसाठी आलेले. चौतीस वर्षं त्यांनी रत्नागिरीच्या दक्षिणेला, कातळावरच्या एका दीपगृहावर लाइटकीपरची सरकारी नोकरी केली होती. संध्याकाळी दिवा लावायचा, सकाळी मालवायचा आणि दिवसभर माणसापेक्षा उंच अशी ती काचेची लेन्स पुसायची. लेन्सच्या पितळी चौकटीवर एक छोटी पाटी होती. आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात चहा पिता पिता अण्णा म्हणाले, "त्या पाटीवर पॅरिस लिहिलेलं होतं. तिकडे असल्या किती असतील, नाही?"

एवढंच. यात 'मला ने' असा शब्द कुठेही नव्हता. पण देवदत्तनं लॅपटॉप उघडला होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. 'वडील काय करतात?' या प्रश्नाला देवदत्तनं कॉलेजपासून एकच उत्तर ठेवलं होतं: 'शिपिंगमध्ये आहेत.' दीपगृहावर आहेत म्हटलं की मुंबईची पोरं विचारायची, 'म्हणजे रोज दिवा लावतात?' आणि हसायची. शिपिंग म्हटल्यावर कोणी हसत नसे. ते 'शिपिंग' तो बॅगेत घालून अमेरिकेतही घेऊन आला, आणि नेपरव्हिलच्या मराठी मंडळात वीस वर्षं अण्णा आचरेकर हे शिपिंगमधले बडे अधिकारी होते. आता अण्णा स्वतःच येऊन पोचल्यामुळे या अधिकाऱ्याची जरा पंचाईत झाली होती.

त्यातून अण्णांची ती पडद्याची सवय. सकाळी सूर्य वर आला रे आला की अण्णा घरभर फिरून सगळे पडदे ओढून घेत. नीलांबरीनं हे घर मुळात मोठ्या खिडक्यांसाठी पसंत केलं होतं. ती पडदे उघडायची, अण्णा ओढायचे. तिसऱ्या दिवशी तिनं देवदत्तला विचारलं, "तुझ्या वडिलांना उजेडाचं वावडं आहे का रे?"

"सवय आहे त्यांची," देवदत्त म्हणाला. कसली सवय ते त्यानं सांगितलं नाही, कारण शेजारचा विवेक तिथे कॉफी पीत बसला होता.

हा विवेक मूळचा पुण्याचा. एकवीस देश पाहिलेला आणि बाविसाव्याबद्दल सल्ला देणारा. "यार, फ्रान्सला जाऊन दिवे कसले बघतोस? पॅरिस कर, दोन दिवस स्विस कर, चीज खा, परत ये," तो म्हणाला. मग शीट बघून त्याचे डोळे विस्फारले. "तीनशेच्या वर पायऱ्या? अण्णाकाका चढणार? अरे, आधी प्रॅक्टिस तरी करून घे."

हा सल्ला देवदत्तला पटला. घरातल्या जिन्याला चौदा पायऱ्या. म्हणजे बावीस वेळा चढलं की झाली तीनशे आठ. रोज सकाळी बापलेक सराव करू लागले. पहिल्या दिवशी नवव्या फेरीला देवदत्त कठड्याला धरून उभा राहिला. अण्णा बाविसावी फेरी संपवून खाली आले, मुलाच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाले, "श्वास नाकानं घे. आणि वर जाताना बोलू नये." देवदत्तनं शीटमध्ये 'पायऱ्या' या रकान्यासमोर अण्णांसाठी हिरवा रंग भरला. स्वतःसाठी पिवळा. लाल भरायला मन धजेना.

बातमी मंडळात पोचायला दोन दिवस लागले. मंडळाच्या अध्यक्ष सुलेखाकाकू. त्यांच्या अध्यक्षपणाखाली कोणतीही गोष्ट सत्काराशिवाय पार पडत नसे. नवं ग्रीन कार्ड मिळालं, सत्कार. गुडघा बदलला, सत्कार. फ्रान्सच्या दीपगृहांचा दौरा ही तर मंडळाच्या इतिहासातली अभूतपूर्व गोष्ट होती. शिवाय देवदत्तला गाठून त्या म्हणाल्या, "मेतकूट घे, दशम्या घे, आणि फ्रेंच लोकांना आपली म्हण सांग, दिव्या दिव्या दीपत्कार." ही म्हण नसून श्लोक आहे, हे सांगायची कुणाची टाप नव्हती.

एका रविवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये समारंभ झाला. मागे फलक लावला होता: 'फ्रान्स दीपगृह अभ्यास दौरा – हार्दिक शुभेच्छा'. अजून कोणी विमानतळाकडे तोंडही केलं नव्हतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. सुलेखाकाकूंनी खास शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेली लाल जरीकाठी शाल देवदत्तच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, आणि देवदत्तनं वीस मिनिटं भाषण केलं. दीपगृहांचा इतिहास, लेन्सचं शास्त्र, समुद्राची हाक, सगळं आलं. शेवटी तो म्हणाला, "आणि आज माझे वडीलही इथे आहेत, जे शिपिंगमधून निवृत्त झाले."

टाळ्या वाजल्या. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते. देवदत्तची नजर त्यांच्याकडे गेली आणि लगेच नारळाकडे वळली. पुढचे चार दिवस तो नारळ कोणी फोडला नाही.

आता व्हिसा. देवदत्त, नीलांबरी आणि कॉलेजात जाणारी त्यांची लेक इला, तिघांचेही पासपोर्ट अमेरिकेचे. त्यांना फ्रान्सला व्हिसा लागत नाही. ज्या माणसानं उभ्या तरुणपणाची सोळा वर्षं व्हिसाच्या रांगांत काढली, ज्याला एकेकाळी फॉर्मचे नंबर पाढ्यांसारखे पाठ होते, तो माणूस नागरिक होऊन सात वर्षं झाल्यावर व्हिसा हा शब्दच विसरून गेला होता. अण्णांचा पासपोर्ट भारताचा आहे हे त्याच्या लक्षात आलं सत्कारानंतर नवव्या दिवशी. आठवण इलानं करून दिली. "डॅड, आजोबांना व्हिसा नको का?"

देवदत्तनं चौसष्ट पानांची फाइल केली. रंगीत चिठ्ठ्या लावल्या. पुरवणी म्हणून पायऱ्यांच्या सरावाचा तक्ता जोडला. अण्णांना कोट घालून शिकागोला व्हिसाच्या ऑफिसात नेलं. काउंटरवरच्या बाईंनी चौसष्टपैकी एकच पान पाहिलं, पासपोर्टचं. मग त्या अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या की हे गृहस्थ इथे पाहुणे म्हणून आलेत, इथले रहिवासी नाहीत, तेव्हा त्यांनी अर्ज त्यांच्या देशातून करावा.

"पण मॅडम, पुढची पानं तर बघा," देवदत्त म्हणाला. "सगळं अनुक्रमणिकेसकट आहे."

बाईंनी अनुक्रमणिकेचं मनापासून कौतुक केलं आणि फाइल परत दिली.

"बाई बरोबर बोलतायत," अण्णा मराठीत म्हणाले. "नियम म्हणजे नियम. चल." चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला दुसऱ्या खात्याचा नियमही आपलाच वाटतो. परतीच्या ट्रेनमध्ये अण्णा खिडकीतून मजेत बाहेर बघत होते. देवदत्त मात्र मांडीवरच्या फाइलकडे बघत होता. अण्णांचं फ्रान्स हुकलं याचं त्याला वाईट वाटत होतंच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त छळत होती ती शाल. न केलेल्या प्रवासाबद्दल सत्कार घेतलेला माणूस मंडळात तोंड कसं दाखवणार?

शाल त्यानं कपाटात खोल ढकलली. अण्णांना एसीची थंडी वाजायची. त्यांनी ती शोधून बाहेर काढली आणि दिवसभर पांघरून बसू लागले. त्यामुळे देवदत्तची लाज दिवाणखान्यात जरीच्या काठासकट वावरू लागली.

वाट पुन्हा इलानंच काढली. "डॅड, सीरियसली, तुम्हाला फ्रेंच लेन्सच बघायची आहे ना? इट्स राइट हिअर." तिनं फोन पुढे केला. विस्कॉन्सिनमध्ये, लेक मिशिगनच्या काठावर, एका छोट्या गावात नौका-संग्रहालय होतं. तिथल्या जुन्या दीपगृहाची लेन्स नुकतीच नव्या दालनात आणून ठेवली होती. पॅरिसमध्ये घडवलेली. नेपरव्हिलहून पाच तासांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

देवदत्तमधला प्रोजेक्ट मॅनेजर ताडकन उठून बसला. त्यानं मंडळाला ईमेल पाठवली: दौऱ्याचे दोन भाग करण्यात आले आहेत, पूर्वार्ध अमेरिकेत. त्याची अपेक्षा होती की लोक 'वा वा' लिहून गप्प बसतील. पण पूर्वार्ध पाच तासांवर आहे म्हटल्यावर मंडळाचा उत्साह ओसंडून वाहू लागला. जूनच्या एका शनिवारी सकाळी तीन व्हॅन, एकतीस माणसं, दोन मोठी पातेली मसालेभात, शंभरेक दशम्या आणि तोच फलक घेऊन फ्रान्स दीपगृह अभ्यास दौरा विस्कॉन्सिनकडे निघाला. वाटेत दोनदा चहासाठी, तीनदा कुणाचं तरी काहीतरी विसरलं म्हणून आणि एकदा निव्वळ गाय दिसली म्हणून थांबत मंडळी पाचाऐवजी सात तासांनी पोचली. आकाश ढगाळ होतं. सरोवरावरून गार वारा येत होता. अण्णांनी शाल घट्ट लपेटून घेतली.

संग्रहालय गावातले निवृत्त लोक हौसेनं चालवत होते. दारातच मार्ज ओल्सन नावाच्या सत्तरीच्या बाई उभ्या होत्या. एकतीस मराठी माणसं एकदम बघून त्या जराही डगमगल्या नाहीत. त्यांनी मंडळींना थेट नव्या दालनात नेलं. दक्षिणेकडे भिंतभर काच, काचेपुढे ती लेन्स. काचेच्या कड्यांवर कडी, मधे तो मोठा डोळा. मागची बाजू मुद्दाम उघडी ठेवली होती, आत डोकावता यावं म्हणून. आत एक पुतळा उभा होता, लोकरी कोट आणि टोपी घातलेला जुना कीपर, हातात पुसायचं फडकं.

"पण याच्यापासून सांभाळून," मार्जबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. लेन्स या दालनात आणल्यापासून पुतळ्याच्या कोटाला आपोआप भोकं पडत होती. आधी कसर लागली असं वाटलं, औषध मारलं. मग कोणी सिगारेट टेकवतं अशी शंका आली, कॅमेरा लावला. इलेक्ट्रिशियननं दोनदा सगळ्या वायरी बदलल्या. तरी धुराचा वास येतच होता. शेवटी गावानं मान्य करून टाकलं की जुन्या कीपरचं भूत आहे, आणि दुकानात भुताचे टी-शर्टही ठेवले.

मंडळाच्या नकुल नावाच्या खजिनदारानं ताबडतोब भुताबरोबर सेल्फी काढला. विवेकनं स्कॉटलंडमधल्या एका भुताशी तुलना केली. सुलेखाकाकूंनी पुतळ्याला नमस्कार करून टाकला, असावं म्हणून. देवदत्त घसा खाकरून पुढे झाला. लेन्सचं शास्त्र सांगायची वेळ आली होती. त्यानं खिशातून टिपणं काढली.

अण्णा मात्र एकटेच लेन्सकडे गेले होते. ते गुडघ्यावर बसले, चष्मा न लावता चौकटीच्या खालच्या अंगाला हात घातला, आणि त्यांची बोटं थेट एका पितळी पाटीवर जाऊन थांबली. शोधावी लागली नाही. ते बोटांनी अक्षरं चाचपत होते. "इथेच असते," ते स्वतःशीच म्हणाले. मग वर बघून त्यांनी दालनभर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"देवा," ते म्हणाले, "हिचा पडदा कुठाय?"

"अण्णा, एक मिनिट, मी आता त्यावरच बोलणारे," देवदत्त म्हणाला. तो पडद्यावर मुळीच बोलणार नव्हता.

"अरे, पडदा कुठाय विचार त्या बाईंना! दिवसाउजेडी लेन्स उघडी ठेवतात होय कुणी?"

तेवढ्यात बाहेर ढग सरले आणि लख्ख ऊन आत आलं. लेन्स पेटल्यासारखी झळाळली. सगळ्यांनी "आहाहा" केलं, फोन वर झाले, आणि पुतळ्याच्या टोपीतून धुराची बारीक रेघ निघाली.

"भूत!" नकुल ओरडला. मार्जबाई आग विझवायचा लाल सिलिंडर आणायला धावल्या. मंडळ मागे सरलं, एकमेकांच्या पायांवर पाय देत. देवदत्त टिपणं हातात धरून जागच्या जागी उभा राहिला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी मात्र एका झटक्यात अंगावरची शाल काढली, दोन्ही हातांनी उलगडली आणि कोळ्यानं जाळं फेकावं तशी लेन्सवर टाकली. काठ ओढून सारखा केला. धूर थांबला. मग त्यांनी पुतळ्याची टोपी काढली, दोन बोटांनी निखारा चिमटला आणि टोपी परत डोक्यावर नीट बसवून दिली.

मार्जबाई सिलिंडर कवेत घेऊन उभ्या होत्या.

"ऊन आहे ते," अण्णा शांतपणे म्हणाले. "भूत कसलं! ही लेन्स दिव्याचा उजेड बाहेर फेकते, तसंच उन्हाला आत गोळा करते. म्हणून सूर्य वर आला की पहिलं काम पडदे ओढायचे. चौतीस वर्षांत एक दिवस चुकलो नाही. आमच्या वरिष्ठांनी पहिल्या दिवशीच हातावर चटका देऊन शिकवलं होतं." त्यांनी डावा तळवा वर केला. त्यावर रुपयाएवढा जुना डाग होता.

मागे नीलांबरी हळूच "अगं बाई, पडदे," म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

इलानं हे इंग्रजीत सांगितल्यावर मार्जबाईंनी देवदत्तला विचारलं, "तुमच्या वडिलांना हे सगळं कसं काय माहीत?"

सगळं मंडळ देवदत्तकडे बघत होतं. 'शिपिंग' हा शब्द नेहमीच्या सवयीनं त्याच्या ओठांपर्यंत आला. त्यानं अण्णांकडे पाहिलं. अण्णा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते शालीची एक सुरकुती सारखी करण्यात गुंतले होते, आणि देवदत्तला लहानपणची सकाळ आठवली. तेव्हा तो रोज दप्तर पाठीला लावून दीपगृहात वर जायचा आणि अण्णा असेच पडदा सारखा करताना दिसायचे. त्या वेळी त्याला वाटायचं, सूर्याला बंद करून ठेवणारा माझा बाप आहे. हे कॉलेजात गेल्यावर तो कसा विसरला, कोण जाणे.

"माझे वडील लाइटहाउस कीपर होते," तो इंग्रजीत म्हणाला. मग मंडळाकडे वळून तेच मराठीत म्हणाला, खरं तर गरज नसताना, आणि जरा जास्तच मोठ्यानं. "शिपिंग-बिपिंग काही नाही. ते दिवा लावायचे. रोज. एवढं मोठं दीपगृह माझा बाप चालवायचा!"

यावर टाळ्या पडायला हव्या होत्या. पण मंडळ टाळ्या विसरून अण्णांभोवती गोळा झालं होतं. तो डाग प्रत्येकाला बघायचा होता. देवदत्तची टिपणं कुणीच मागितली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्याचं काही वाटलं नाही. पुढचा तासभर अण्णा बोलत होते, देवदत्त भाषांतर करत होता आणि मार्जबाई लिहून घेत होत्या. जिथे देवदत्तला शब्द सुचत नव्हते तिथे इला सांगत होती. सुलेखाकाकूंनी मसालेभाताच्या पातेल्याशेजारी उभं राहून तातडीची सभा घेतली आणि अण्णांचा सत्कार जाहीर केला.

"पण शाल?" विवेकनं विचारलं.

शाल काही हलवता येणार नव्हती. ऊन अजून होतं. नवा पडदा शिवून होईपर्यंत ती राहू द्यावी अशी मार्जबाईंनी हात जोडून विनंती केली. म्हणजे फ्रान्सच्या दिव्याचा सत्कार नेपरव्हिलच्या शालीनं झाला, आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच सत्कार योग्य व्यक्तीचा झाला असं नीलांबरीचं मत पडलं.

परतताना व्हॅनमध्ये अण्णा पुढे बसले होते. डोक्यावर पुतळ्याची भोक पडलेली टोपी होती. मार्जबाईंनी ती भेट दिली होती. गाडी चालवता चालवता देवदत्त म्हणाला, "अण्णा, ते मी इतकी वर्षं... सगळ्यांना शिपिंग सांगत होतो."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "तुझ्या लग्नाच्या पत्रिकेतही होतं ना."

देवदत्तनं मान वळवून अण्णांकडे पाहिलं.

"अगदी खोटं नव्हतं रे ते," अण्णा म्हणाले. "जहाजं होतीच की. फक्त ती पुढे जायची, मी तिथेच असायचो." आणि मग, "समोर बघ. चालवताना बोलू नये."

दुसऱ्या दिवशी रविवार. नीलांबरी खाली आली तर अख्ख्या घरात अंधार. सवयीनं ती "अण्णा" म्हणायला गेली, पण अण्णा प्रवासानं दमून अजून झोपले होते. दिवाणखान्यात देवदत्त होता, नाइट ड्रेसमध्ये, शेवटच्या खिडकीचा पडदा ओढून काठ सारखा करत.

"हे काय? आता तूही?" ती म्हणाली. "इथे कुठे लेन्स आहे?"

"लेन्स नसू दे," देवदत्त म्हणाला, आणि उरलेली फटही त्यानं नीट बंद केली. "कीपरचं घर आहे."